सतरा बायांची एक बाई

करवंदपाड्यात मोबाइलला रेंज कुठं मिळते असं विचारलं, तर शेंबडं पोरही टेकडीवरच्या मोहाकडं बोट दाखवील. त्या झाडाखाली, तेही पूर्वेला तोंड करून उभं राहिलं तर, दोन दांड्या येतात. खाली बसलं की एक जाते. वांगणीच्या पुढं गाडीचा रस्ता संपतो, तिथून पाऊण तास चढून करवंदपाडा, आणि पाड्यापासून आणखी पंधरा मिनिटं वर तो मोह. जननीदर्शक नावाच्या ॲपला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? ज्यांनी ते बनवलं त्यांच्या खिडकीतूनच टॉवर दिसत असेल.

गौरा ही या पाड्याची आणि आसपासच्या तीन पाड्यांची आशा कार्यकर्ती. चौदा वर्षं झाली या कामाला. आठवी शिकलेली, चालायला काटक आणि बोलायला फटकळ. तिचा सगळा कारभार एका लांबट वहीत असायचा. कोण कितव्या महिन्यात, कुणाच्या पायावर सूज, कुणाचं आधीचं मूल गेलेलं. जिची काळजी वाटेल तिच्या नावापुढं गौरा लाल पेन्सिलीनं फुली मारायची. गेल्या साली कमूच्या नावापुढं तीन फुल्या होत्या. कमू गेली. जीप मिळेपर्यंत, रक्त मिळेपर्यंत, करता करता गेली. तेव्हापासून लाल पेन्सिल हातात घेतली की गौराला आधी कमूच आठवायची.

मग जव्हारला प्रशिक्षण झालं आणि वही बंद, टॅब सुरू. शहरातल्या एका संशोधन संस्थेनं जव्हार-मोखाड्याच्या गरोदर बायांवर अभ्यास काढला होता. हर्षदा मॅडम त्याच्या प्रमुख. त्या डॉक्टर होत्या, पण गेली सहा वर्षं त्यांनी पेशंट पाहिला नव्हता, माहिती पाहिली होती. आवाज मात्र गोड. "ताई, आता तुम्ही काळजी करायची नाही," त्या म्हणाल्या. "काळजी ॲप करेल." धोक्यातली बाई ॲप स्वतः ओळखणार, पडद्यावर लाल चिठ्ठी काढणार. त्या चिठ्ठीवर गाडी येणार आणि मोठ्या दवाखान्यात रक्ताची पिशवी राखून ठेवणार. चिठ्ठी नाही तर गाडी नाही, पिशवीही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गौरानंही वाजवल्या, खोटं कशाला बोला. कमूच्या वेळी अशी चिठ्ठी असती तर, हे तिच्या मनात आलंच.

अडचण पुढं होती. बाई नोंदवायची तर तिचा मोबाइल नंबर पाहिजे. त्या नंबरवर सहा आकडे येणार, ते टाकले की बाई ॲपच्या पोटात गेली. आता करवंदपाड्यातल्या बाईकडं नंबर कुठला? घरात मोबाइल एक, तो नवऱ्याकडं, आणि नवरा दिवाळी सरली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. पहिल्याच दिवशी गौरानं जानीचं नाव टाकलं आणि मोहाखालून जानीच्या नवऱ्याला, माघ्याला, फोन लावला.

"तुझ्या फोनवर आता सहा आकडे आलं असतील, ते सांग."

"ओटीपी किसी को देने का नहीं," माघ्या म्हणाला. "शेठनं सांगितलाय."

"अरे, मी गौरा बोलते. तुझी काकी."

"समदे तसाच सांगतात," असं म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि पुन्हा काही उचलला नाही.

सख्ख्या पुतण्यानं चोरात जमा केलं म्हटल्यावर गौराचं डोकं फिरलं. चुलीत गेले ते आकडे, म्हणून तिनं जानीपुढं स्वतःचाच नंबर टाकला. सहा आकडे तिच्याच हातातल्या फोनवर आले. किती सोपं. मग येसू, सुनिता, एकेक करत सतरा बाया तिनं आपल्या नंबरवर घेतल्या. जन्मतारखेचंही तेच. बायांना विचारावं तर कुणी म्हणे भातकापणीत झाले, कुणी म्हणे आयला ठाऊक, आणि आय तर मेलेली. ॲपला भातकापणी चालत नव्हती. गौरानं सतराही जणींना एक जानेवारी दोन हजारवर जन्माला घातलं. बोटाला तेवढी एकच तारीख सवयीची झाली होती.

त्याचा त्रास तिला एवढाच झाला की मोहाखाली गेलं की फोन किणकिणायला लागायचा. 'प्रिय माता, आज बाळाची हालचाल जाणवली का?' सतरा वेळा. गौरा सत्तेचाळीस वर्षांची, विधवा. ती म्हणायची, "कुणी वाचलं तर अब्रू जायची माझी," आणि फोन पदरात खुपसायची.

सतरावी बाई म्हणजे बुधी. तिची नोंद सगळ्यात शेवटी झाली, कारण ती नवऱ्याबरोबर, रघुबरोबर, भट्टीवर गेली होती आणि आठव्या महिन्यात परत आली. आली ती पांढरीफटक. गौरानं बोट टोचून पाहिलं तर हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन. तिनं तो आकडा ॲपमध्ये टाकला आणि लाल चिठ्ठीची वाट बघत मोहाखाली उभी राहिली. तास गेला. चिठ्ठी आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तोच आकडा टाकला. काही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बुधीला घेऊन सरळ आरोग्य केंद्र गाठलं. उतरताना बुधी पाच ठिकाणी बसली. "गौराबाय, जरा थांब, माझं काळीज धडधडतं," असं म्हणायची आणि दगडावर टेकायची.

केंद्रात डॉक्टर नव्हते. ते जननीदर्शकच्या प्रशिक्षणाला गेले होते. संगणकावर हरेश होता, साखरशेतच्या मास्तरांचा मुलगा, नीट भांग पाडलेला. त्यानं नंबर टाकला आणि म्हणाला, "मावशी, हिची चिठ्ठी कशी निघेल? ही तर बाळंत झालीय."

गौरानं बुधीच्या पोटाकडं बघितलं. बुधीनंही आपल्या पोटाकडं बघितलं.

"मुलगा झालाय," हरेश वाचत होता. "दोन किलो आठशे. आई आणि बाळ सुखरूप. हिमोग्लोबिन साडेअकरा."

"अरे, ती तुझ्या पुढ्यात उभी हाय. पोट दिसत नाय का तुला?"

"मला दिसतं हो. पण इथं दिसत नाही ना," हरेश म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं. "बाळंत झालेल्या बाईची चिठ्ठी काढायला बटणच नाही. मी वर कळवतो."

दोन किलो आठशेचा मुलगा येसूचा होता. गौरानंच त्याला झोळीत घालून काट्यावर टांगला होता, त्यामुळं तिला आकडा पाठ होता. आपल्या एका नंबरामुळं बाया एकमेकींत मिसळल्या, एवढं तिनं ओळखलं. नेमकं कसं, ते तिला पुढं हर्षदा मॅडमच्या तोंडून कळलं, पण आत्ताच सांगून टाकतो. माहिती शहरात पोचली की आधी तिच्यातली नावं काढून टाकत. गोपनीयता. बाईची अब्रू जाऊ नये म्हणून बाईचं नावच काढायचं. मग उरलं काय, तर नंबर, जन्मतारीख आणि आशाचा विभाग. सतरा ओळी, तिन्ही गोष्टी सारख्या. यंत्र म्हणालं, ही एकच बाई आहे आणि आशानं तिला सतरा वेळा नोंदलंय. त्यानं सतरांची एक केली. आकडे जुळेनात तिथं चांगला आकडा ठेवला, कारण नियमच तसा होता. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेली बाई डोंगर चढून तपासणीला येऊ शकत नाही, तेव्हा असा आकडा मशीनची चूक समजून काढून टाकावा. ही साफसूफ केलेली बाई मग परत खाली केंद्राच्या पडद्यावर पाठवली. तिथं नाव पुन्हा चिकटलं ते बुधीचं, कारण तीच शेवटी नोंदलेली. वजन जानीचं, हिमोग्लोबिन सुनिताचं आणि बाळंतपण येसूचं.

सिस्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "हिला रक्त चढवायलाच पाहिजे." रक्त चिठ्ठीवर, चिठ्ठी ॲपवर, आणि ॲपच्या लेखी बुधी बाळाला पाजत बसली होती. गौरा तिला परत घेऊन आली. चढताना बुधी किती वेळा बसली, ते तिनं मोजलं नाही. घरी येऊन तिनं ट्रंकेतली लांबट वही काढली, नवीन पानावर बुधीचं नाव लिहिलं आणि पुढं तीन लाल फुल्या मारल्या. मग तिला रडू आलं. कमूच्या वेळी आपल्याकडून काही राहिलं नव्हतं, या वेळी मात्र आपल्याच नंबरानं घात केला, हे तिला कळत होतं.

तिनं हरेशला रोज फोन केला. हरेश रोज वर कळवत होता. वर म्हणजे कुठं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. असे आठ दिवस गेले. बुधीच्या पायाची सूज गुडघ्यापर्यंत चढली.

नवव्या दिवशी मोहाखाली गौराचा फोन वाजला. हर्षदा मॅडम स्वतः बोलत होत्या.

"गौराताई, अभिनंदन. दोन्ही तालुक्यांत तुमचा विभाग पहिला आलाय. एकही धोक्याची माता नाही. आणि तुमच्या एका मातेनं तर कमाल केली. नऊ महिन्यांत एकशे चार तपासण्या. नाव मी केंद्राकडून मागवून घेतलं. बुधी ना? आपण तिला आदर्श माता म्हणून गौरवणार आहोत. गुरुवारी, जव्हारला. तुम्ही तिला आणि बाळाला घेऊन यायचं."

एकशे चार तपासण्या म्हणजे नऊ महिने जवळजवळ दोन दिवसाआड. एवढ्या वेळा कुणी सासरीही जात नाही. गौरा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला न्यायला वांगणीपर्यंत गाडी पाठवते."

गौराचं तोंड मिटलं. आठ दिवस ती ज्या गाडीसाठी हरेशच्या पाया पडायची बाकी राहिली होती, ती गाडी आपणहून येत होती.

"पाठवा," ती म्हणाली. "आणते मी तिला."

गुरुवारी सकाळी बुधीला चालवेना. गडी सगळे भट्टीवर, म्हणून येसू, पाड्यातल्या आणखी दोघी आणि गौरा अशा चौघींनी चादरीची झोळी केली, बांबूला बांधली आणि खांद्यावर घेऊन उतरल्या. वांगणीच्या टोकाला पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हर भावेशनं आधी झोळीकडं पाहिलं, मग आत.

"बाळालापण आणायला सांगितलंय मॅडमनी. बाळ कुठंय?"

"आणलंय," गौरा म्हणाली. "चल तू."

जव्हारच्या हॉलात कागदी फुलांची कमान होती, समया होत्या, आणि पडद्यावर आलेख. हर्षदा मॅडम बोलत होत्या. जितक्या तपासण्या जास्त तितकं हिमोग्लोबिन जास्त, हे जननीदर्शकनं सिद्ध केलंय, आणि याचा लेख परदेशातल्या मासिकाला जाणार आहे. सगळे ठिपके खाली गर्दी करून होते आणि एकच ठिपका लांब वर कोपऱ्यात, एकटा. "ही बुधी," मॅडम म्हणाल्या. "या एका मातेनं आपल्याला दिशा दाखवली." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निवेदकानं नाव पुकारलं.

बुधी गौराच्या खांद्यावर भार टाकून स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. टाळ्या आधी जोरात वाजल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या. आठ महिने सरलेलं पोट शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं.

निवेदकाला काहीतरी बोलणं भाग होतं. "आणि आपल्या आदर्श मातेला पुन्हा एकदा गोड बातमी आहे," तो म्हणाला.

"येसूचा मुलगा दीड महिन्याचा हाय," गौरा त्याच्याकडं बघत म्हणाली. "जरा हिशेब करून बोल, दादा."

प्रकल्पाचे मोठे साहेब शाल घेऊन पुढं आले होते. त्यांनी फोटोवाल्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "शाल जरा पुढून घेऊ या. म्हणजे झाकलं जाईल."

तिथं गौराचा संयम सुटला. तिनं निवेदकाच्या हातातला माइक घेतला. माइकवर ती जन्मात बोलली नव्हती, त्यामुळं पहिलं वाक्य फारच मोठ्यानं गेलं.

"ही बुधी बाळंत झालेली नाय. हिचं रक्त सहा पूर्णांक दोन हाय. एकशे चार तपासण्या सतरा बायांच्या हायत. सतराजणींपुढं मी माझाच नंबर टाकला, कारण त्यांच्याकडं नंबर नाय. जन्मतारीखपण मीच टाकली. चूक माझी हाय, मला काढून टाका. पण आधी हिला रक्त द्या. आमच्याकडं येत नाय ती गाडी शालीसाठी आली, म्हणून हिला इथं आणली. नायतर ही मरंल."

साहेब पडद्याकडं बघत राहिले, जणू तो ठिपका आता तरी काही बोलेल. हर्षदा मॅडम मात्र बुधीजवळ आल्या. त्यांनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आत लाली नव्हतीच. त्यांनी नखं पाहिली, पायाच्या सुजेवर बोट दाबलं, तर तिथं खड्डा राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पेशंटला हात लावला होता, पण हात विसरला नव्हता.

"हा आकडा मीच काढून टाकला," त्या म्हणाल्या. "मशीनची चूक म्हणून." हे त्या कुणाला म्हणाल्या कोण जाणे. मग त्यांनी आवाज चढवला. "भावेश, गाडी दाराशी लाव."

मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली, तीही रक्ताच्या खिडकीसमोरच्या व्हरांड्यात. रक्ताच्या खिडकीवरची मुलगी नम्र होती, पण तिच्या संगणकावरही जननीदर्शकच होतं.

"मॅडम, ही बाळंत आहे. चिठ्ठी निघत नाहीये."

"मग हिची नवीन नोंद करा. मी प्रकल्पप्रमुख आहे."

"मोबाइल नंबर?"

हर्षदा मॅडमनी गौराकडं पाहिलं. गौरानं नंबर सांगितला. पडदा म्हणाला, हा नंबर आधीच वापरात आहे; आशाच्या टॅबला जे चालायचं ते दवाखान्याच्या पडद्याला चालत नव्हतं. भावेशनं आपला दिला, तर त्यावर त्याची बायको आधीच नोंदलेली. "हिच्या नवऱ्याचा घ्या ना," मॅडम म्हणाल्या. रघुला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओटीपी देत नाय मी," आणि ठेवून दिला. त्याचं तरी काय चुकलं? सगळ्या भट्टीला एकच शेठ.

खाटेवर बुधीला धाप लागली होती. गौरा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि खिडकीकडं बघत होती. ज्या बाईंनी तिला प्रशिक्षणात तीन वेळा बजावलं होतं की प्रत्येक मातेचा नंबर तिचा स्वतःचाच पाहिजे, त्या बाई आता खिडकीवर वाकून आपले दहा आकडे सांगत होत्या. पर्समध्ये त्यांचा फोन किणकिणला. त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले.

"जन्मतारीख?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

मॅडम वळल्या. "बुधी, तुझा जन्म कधीचा गं?"

"भातकापणीतला," बुधी कशीबशी म्हणाली.

खिडकीतली मुलगी की-बोर्डवर बोटं ठेवून थांबली होती. मॅडमनी एक क्षण डोळे मिटले.

"एक जानेवारी टाका," त्या म्हणाल्या. "दोन हजार."

गौरानं पदर तोंडावर धरून हसू दाबलं, आणि त्याच पदरानं डोळे पुसले. पडद्यावर लाल चिठ्ठी आली.

दोन पिशव्या रक्त चढलं. सहाव्या दिवशी बुधीला मुलगी झाली. दोन किलो शंभर, किरकोळ, पण रडायला खणखणीत. गौरानं लांबट वहीत तसं लिहिलं.

वीसेक दिवसांनी ती मोहाखाली उभी असताना फोन वाजला. पलीकडं हर्षदा मॅडम. आवाज थकलेला होता.

"गौराताई, तुमच्या सतरा बाया आम्ही वेगळ्या केल्या. आता तुमच्या विभागात एकदम नऊ जणी धोक्यात दिसतायत. पहिला होता तो शेवटचा झाला. वरून मला विचारतायत, महिन्याभरात काम इतकं बिघडलं कसं?"

"काम तेवढंच हाय, मॅडम. बाया वाढल्या."

"मी असंच लिहून पाठवते," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "आणि एक विचारायचं होतं. मला रोज मेसेज येतात. 'प्रिय माता, बाळाला अंगावर पाजलं का?' काल भर मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर आला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुम्हाला सतराजणींचे यायचे ना? ते बंद कसे करायचे?"

गौरानं खाली पाड्याकडं पाहिलं. बुधीच्या झोपडीपुढं दोरीवर लंगोट वाळत होते. बुधीकडं अजून फोन नव्हता, आणि दीड महिन्याच्या लसीची तारीख पुढल्या महिन्यात होती.

"बंद करू नका, मॅडम," ती म्हणाली. "लसीचा मेसेज आला की मला फोन लावा, मी रोज सकाळी इथं वर येते. पोरगी पाच वर्षांची होईपर्यंत तो नंबर तिचा हाय."